आठवणी पुरे, टेपा काढा

आधीच सांगून टाकतो, मला ह्यातलं काहीही लहानपणी ऐकल्याचं आठवत नाही. मला रेडिओ कळायला लागला तो मोबाइलमधला, आणि तोही एफएम. त्यामुळे 'काय ते दिवस होते राव' ह्या पंथात मला धरू नका. पुढे जे लिहिणार आहे ते हळवं होऊन लिहिलेलं नाही. उलट ह्या हळवेपणाचाच मला राग येतो.

म्हणजे बघा. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या फॅमिली ग्रुपवर एक क्लिप येते. 'रेडिओवरच्या जुन्या जाहिराती, ऐका आणि बालपणात जा.' खाली दोन हात जोडलेले, एक रडका चेहरा. तीन-चार मिनिटांत दहा-बारा जिंगल्स चिकटवलेल्या. ऐकावं तर आवाज असा की पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणीतरी गातंय. साल कोणतं? माहीत नाही. कुठल्या केंद्रावर लागली होती? माहीत नाही. मूळ रेडिओची की टीव्हीवरून उचललेली? चाल कोणाची, आवाज कोणाचा? काही पत्ता नाही. खाली चाळीस प्रतिक्रिया, 'गेले ते दिवस..'

दिवस जाणारच. प्रश्न असा आहे की रेकॉर्डिंग कुठे गेलं? मूळ टेप कोणाकडे आहे? हे विचारलं की ग्रुपवर शांतता. एक काका म्हणाले, "अरे यूट्यूबवर सगळं आहे की." नाहीये, काका. यूट्यूबवर आहे ती कशाच्या तरी कॉपीच्या कॉपीची कॉपी, आणि टाकणाऱ्याचं खातं बंद पडलं की तीही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या फॉरवर्डबाजीला 'जतन' म्हणणं बंद करा. त्यात नुसता उपयोग नाही असं नाही, त्यात नुकसान आहे. प्रत्येकाला वाटतं की गोष्ट वाचलेली आहे, कुणीतरी कुठेतरी सांभाळलीये. आणि तेवढ्यात माळ्यावरची मूळ कॅसेट भंगारवाल्याकडे जाते.

आता लगेच येणारा आक्षेप: "पण जाहिरातीच ना त्या? भीमसेनांचं रेकॉर्डिंग असतं तर गोष्ट वेगळी."

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो, म्हणून जरा सविस्तर. रेडिओच्या इतिहासातला सगळ्यात लाडका कार्यक्रम कोणता असं कुणालाही विचारा. बिनाका गीतमाला. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाला. अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले तेव्हा पेपरांनी पानंच्या पानं लिहिली, आणि लिहायलाच हवी होती. पण बिनाका म्हणजे काय होतं? टूथपेस्ट! ज्या कार्यक्रमाच्या आठवणीने आख्ख्या पिढीचे डोळे भरून येतात, तो दात घासायच्या पेस्टची जाहिरात होता. म्हणजे जाहिरात चार दशकं टिकली की ती संस्कृती, आणि तीस सेकंदांची असली की कचरा, असा काही नियम आहे का?

(जाता जाता: हा कार्यक्रम कोलंबोहून का करावा लागला? कारण त्याच १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांना सिनेमातली गाणी आकाशवाणीच्या लायकीची वाटत नव्हती. केसकर मराठी, पुण्याचे. 'दर्जेदार' आणि 'फालतू' अशी विभागणी करायची आपली खोड जुनी आहे. लोक मुकाट्याने सिलोन लावायला लागले, आणि शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली.)

त्या विविध भारतीवर जाहिराती यायला आणखी दहा वर्षं लागली. १ नोव्हेंबर १९६७. आणि प्रयोग म्हणून सुरुवात कुठून झाली? मुंबई, पुणे, नागपूर. तिन्ही शहरं आपली! सरकारी रेडिओवर देशातली पहिली जाहिरात वाजली ती महाराष्ट्रात. इथल्या कुठल्या तरी चाळीत, कुठल्या तरी इराण्याच्या हॉटेलात कुणीतरी ती ऐकली असणार. जगात कुठेही असं काही झालं असतं तर त्या दिवसाच्या टेपेचं छोटंसं म्युझियम झालं असतं. आपल्याला तारीखसुद्धा पाठ नाही.

आणि बनवणारे लोक काय ऐरेगैरे होते? वनराज भाटिया बघा. लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत शिकले, मग पॅरिसला नादिया बूलांजेकडे. परत येऊन काय केलं, तर जाहिरातींना संगीत दिलं. लिरिल त्यांचीच. सगळ्या मिळून त्यांच्या जिंगल्सचा आकडा सात हजारांच्या वर सांगतात. बेनेगलांच्या सिनेमांचं आणि 'भारत एक खोज'चं त्यांचं संगीत राहील, कारण सिनेमे राहतील. पण त्या सात हजारांतल्या लिरिल सोडून तुम्ही किती सांगू शकता? मी प्रयत्न केला, तीनवर गाडी अडली. मे २०२१ मध्ये ते गेले. म्हणजे 'ही तुमची का हो?' असं विचारायची सोयही संपली.

बरं, कलेचं सोडून द्या. जिंगल वाईट असली तरी ठेवायला हवी, असं माझं मत आहे. कारण लोक रोज कसं बोलत होते ते भाषणांतून कळत नाही, कीर्तनातून कळत नाही, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांकडून तर नाहीच नाही. ते कळतं 'सुनबाई, हे घेऊन या' असल्या वाक्यांतून. सासू सुनेशी कुठल्या सुरात बोलते, मुंबईच्या स्टुडिओत बसून हिंदीवरून मराठी केलेलं वाक्य कसं वाकडं होतं, खताची जाहिरात शेतकऱ्याला 'तुम्ही' म्हणते का 'तू', निरोधचं नाव १९६८ नंतर घरातल्या रेडिओवर घ्यायचं तर आवाज कुठला लावायचा. हे सगळं त्या तीस सेकंदांत आहे, आणि दुसरीकडे कुठेच नाही. आपल्या धंद्यातले लोक मराठी स्पीचसाठी डेटा नाही म्हणून रडत असतात. साठ वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ वाजत होता की डेटा! पुसून टाकला आपण.

पुसला हे शब्दशः. चुंबकीय टेप महाग असायची, त्यामुळे काम झालं की पुसायची आणि त्यावरच पुढचं रेकॉर्ड करायचं, ही रीत जगभर होती. बीबीसीसारख्या बीबीसीने साठच्या दशकातले 'डॉक्टर हू'चे कितीतरी भाग असेच घालवले. गंमत म्हणजे त्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र आज सगळाच्या सगळा आहे. का? तर काही पोरं घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून रेकॉर्ड करायची. म्हणजे संस्थेने घालवलं आणि छंदिष्टांनी वाचवलं.

आपल्याकडेही छंदिष्ट काही कमी नव्हते. पण जिंगल्सच्या बाबतीत एक गोची आहे, आणि ती मला स्वतः हात काळे केल्याशिवाय कळली नाही.

माझ्या टीममधल्या एका मुलीचे आजोबा टू-इन-वनवर विविध भारती टेप करायचे. ६३ कॅसेटी निघाल्या. घर विकायला काढलं होतं आणि त्या जाणारच होत्या, म्हणून मी मागून घेतल्या आणि तीन महिने शनिवार-रविवार बसून डिजिटाइझ केल्या. सुमारे ८० तास. (हे काम घाईत होत नाही. ८० तासांची टेप म्हणजे ८० तास. इथे पॅरलल प्रोसेसिंग नाही, आणि मॅनेजरने दुसरा माणूस दिला तरी डेक एकच आहे.) प्रत्येक कॅसेटच्या कागदावर सुरेख अक्षरात गाणं, सिनेमा, तारीख, 'वि.भा. दु. २.३०'. आजोबा पक्के इंजिनियर शोभले असते. पण जाहिराती? एकही नाही. कारण जाहिरात लागली की आजोबा पॉजचं बटण दाबायचे! तेच काय, सगळेच दाबायचे. टेप वाया का घालवायची?

म्हणजे ज्यांनी रेडिओ वाचवला त्यांनीच जिंगल्स वेचून वेचून काढून टाकल्या. मग आमचा खेळ सुरू झाला, बोट कुठे उशिरा पडलंय ते शोधायचा. दोन सेकंदांचा तुकडा. चार सेकंद. एका साबणाचं अर्धं नाव. आणि मग चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या कॅसेटवर बी साइडला गाणं संपलं आणि बटण दाबलंच गेलं नाही. जाहिराती, निवेदिका, वेळ, पुन्हा जाहिराती, पुढचं गाणं, पुन्हा जाहिराती.. टेप संपेपर्यंत सलग अठरा मिनिटं. मी नातीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "दुपारचं ना? झोपले असणार."

आजोबांना डुलकी लागली म्हणून एका दुपारचा रेडिओ जसाच्या तसा आपल्याकडे आहे. आपलं राष्ट्रीय धोरण सध्या ह्या डुलकीवर चाललंय.

आता जे लोक खरोखर काम करतात त्यांच्याशीही थोडं भांडायचंय. ह्या अठरा मिनिटांची फाइल मी एका उत्साही मित्राला दिली, तर त्याने ती कुठल्याशा एआयमध्ये घालून 'रिस्टोअर' करून पाठवली. खरखर गेली, हम गेला, आवाज असा चकचकीत की काल बांद्र्याला रेकॉर्ड केलाय. अरे बाबा, मीडियम वेव्हवर साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही येतच नाही. मग ही वरची चमक आली कुठून? मॉडेलने मनाने घातली. त्या बाईंच्या तोंडी तिने कधीही न उच्चारलेला 'स' घातला. ह्याला जतन नाही म्हणत, ह्याला नक्कल म्हणतात.

आणि जी खरखर काढली ती काय नुसती घाण होती? त्या हमकडे बघा. टू-इन-वन मेन्सवर चालायचा, त्यामुळे विजेची ५० हर्ट्झची गुणगुण टेपेवर उतरते. स्पेक्ट्रममध्ये ती ५० ऐवजी ५१.५ ला दिसली तर टेप वेगात चाललीये अशी शंका घ्यायला जागा आहे. (तेव्हा आपल्या ग्रिडची फ्रीक्वेन्सीही भरपूर हलायची, त्यामुळे हा अंदाजच. पण नसल्यापेक्षा बरा.) मागे कुठेतरी दुसरं स्टेशन मिसळतंय, तासाचे ठोके पडतायत, निवेदिका वेळ सांगतेय, ह्या सगळ्यावरून तारीख लावता येते. 'साफ' करून तुम्ही पुरावा धुऊन टाकता. ऐकायला गोड कॉपी हवी तर खुशाल करा, वेगळी करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

मूळ फाइल म्हणजे एमपी३ नव्हे, हे इथल्या वाचकांना सांगायला लागू नये, पण लागतं. ध्वनिसंग्रहवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएएसएने, कधीच लिहून ठेवलंय: कमीत कमी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शक्यतो ९६, आणि वेव्ह फाइल. मोनोला ९६/२४ ने तासाला साधारण एक जीबी होतं. आजोबांच्या ६३ कॅसेटी म्हणजे ८० जीबीच्या आसपास. हल्लीचा एखादा गेम ह्याहून जास्त जागा खातो. दहा हजार तास म्हणजे १० टीबी, एका हार्ड डिस्कवर मावतील, तीन कॉपी केल्या तरी एखाद्या बऱ्या लॅपटॉपच्या किमतीच्या आत-बाहेर काम होतं. त्यामुळे 'स्टोरेजचा खर्च' हे कारण ज्या दिवशी मला कुणी सांगेल त्या दिवशी मी त्याला गणित घालणार आहे.

खर्च आहे तो मशीनचा आणि माणसांचा. स्पूलचे डेक आता नव्याने फारसे कोणी बनवत नाही. हेड झिजतात, रबरी पट्टे वितळतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा बाइंडर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, डेकवर लावली की कर्रर्र करत थांबते. मग ती पन्नास-पंचावन्न अंशांवर तासनतास भाजून काढावी लागते, तेव्हा कुठे काही दिवसांपुरती वाजते. कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेत ठेवलेल्या टेपांचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहाने बजावलं की २०२५ पर्यंत जे उतरवलं जाणार नाही ते बहुतेक कायमचं जाईल. २०१९ मध्ये युनेस्को आणि आयएएसएने मिळून तोच भोंगा वाजवला. २०२५ येऊन गेलं, मंडळी. आपण फॉरवर्ड करत बसलो.

आणि डिजिटल आलं म्हणून सुटलो असंही नाही. वर्ल्डस्पेस आठवतं? उपग्रहावरून यायचा तो रेडिओ. त्यावर 'सुरभी' नावाचं आख्खं मराठी चॅनल होतं. ३१ डिसेंबर २००९ ला कंपनीने भारतातला गाशा गुंडाळला आणि चॅनल बंद. ती टेप नव्हती, त्यामुळे माळ्यावर सापडायचीही शक्यता नाही. २००१ नंतर आलेल्या खाजगी एफएमची तीच गत. मुंबईतलं 'गो ९२.५' पुढे 'रेडिओ वन' झालं, तेव्हा जुन्या नावाच्या जिंगल्स कुठल्या फोल्डरमध्ये गेल्या असतील? फोल्डर डिलीट करायला भंगारवालाही लागत नाही.

मग कॉपीराइटचं रडगाणं. 'आम्ही ठेवलं असतं हो, पण कायदा..' मी वकील नाही, पण कायदा वाचायला कुणी अडवलेलं नाही. १९५७ च्या आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६७ ला वाजलेल्या त्या पहिल्या जाहिरातींच्या रेकॉर्डिंगवरचा हक्क १ जानेवारी २०२८ ला उठतो. चाल आणि शब्द ह्यांचा मात्र वेगळा हिशोब, रचनाकार गेल्यावर ६० वर्षं, त्यामुळे ते मोकळे होणार नाहीत. पण हे झालं लोकांना ऐकवण्याबद्दल. सांभाळण्याबद्दल २०१२ च्या दुरुस्तीत कलम ५२(१)(एन) आलंय: नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे एखाद्या कृतीची नॉन-डिजिटल प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवणं हा भंग नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ह्याचा सरळ अर्थ असा की कॅसेट घरात ठेवून उपयोग नाही, ती वाचनालयाला द्या. महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत. (ग्रंथालय कायदाही १९६७ चाच, योगायोग बघा.) त्यातल्या दहा वाचनालयांनी जरी एक कपाट आणि एक चांगला डेक ठेवला तरी आज जे आहे त्याच्या शंभरपट होईल. पण आमच्या वाचनालयांना रहस्यकथांची दुसरी प्रत घ्यायला पैसे असतात.

सरकारी बाजूबद्दल न्यायाने बोलायचं तर प्रसार भारती अगदीच झोपलेली नाही. 'आकाशवाणी संगीत'च्या सीडी काढल्या, यूट्यूबवर आर्काइव्ह्जचं चॅनल आहे, नोव्हेंबर २०२४ पासून वेव्हज आहे. पण ह्यात येतं काय? मोठे गवई, मोठे नेते, मोठे प्रसंग. जे आधीच मोठं आहे ते. गाण्यांच्या मधलं, बातम्यांच्या आधीचं, 'आता ऐकूया'च्या पुढचं, ते नाही. आणि मोठ्या गोष्टीतही मूळ आणि नंतरचं ह्यातला फरक आपण पुसून टाकतो. गीतरामायण घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावर छप्पन्न गाणी आली तेव्हा ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. आज दहापैकी नऊ घरांत गीतरामायण म्हणजे बाबूजींचा एकट्याचा आवाज. तो थोर आहेच, वाद नाही. पण तो दुसरा दस्तऐवज आहे.

मला निवडक काही नकोय. मला यादी हवीये. प्रत्येक केंद्राच्या कपाटात काय काय आहे त्याची नुसती एक्सेल शीट, ऐकवू नका हवं तर. टेप क्रमांक, तारीख, लांबी, डब्यावर जे लिहिलंय ते. मुंबईतल्या जुन्या जाहिरात कंपन्यांच्या आणि रेकॉर्डिंग स्टुडिओंच्या गोदामांची तशीच. यादी असली की निदान काय जातंय ते कळतं. यादी नसलेली गोष्ट गेली तर बातमीसुद्धा होत नाही. मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने १९९० पासून तबकड्यांच्या बाबतीत काय केलंय ते बघा. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसांनी रेकॉर्डवरचे क्रमांक उतरवून उतरवून इतिहास उभा केला. तबकडीवर निदान क्रमांक छापलेला असतो. जिंगलच्या टेपेवर पेन्सिलने खरडलेलं असतं, आणि ते अक्षर कोणाचं हे सांगणारा माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. त्याला फोन करायचा तर ह्या रविवारी करा, दिवाळीनंतर नको.

तुमच्यापैकी ज्यांच्या माळ्यावर पिशवी आहे (आहेच, आईला विचारा), त्यांनी ती आधी खाली आणा. ऐकायची घाई करू नका. आधी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे टॅब स्क्रूड्रायव्हरने तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसली जाणार नाही. पिशवीवर, कागदावर, डब्यावर जे काही लिहिलंय त्याचा फोटो काढा, भाजीचा हिशोब असला तरी. डेकचं हेड स्पिरिटने पुसून घ्या. आणि एकदा प्ले दाबलं की टेप संपेपर्यंत पॉजला हात लावू नका.